लेबलवाली आणि उशिरा आलेलं कार्ड

वर्कशॉपमध्ये तिला सगळे लेबलवाली म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. मशीनच्या विजेच्या पॅनेलमधली एकही तार तिच्या हातून नंबर लावल्याशिवाय सुटायची नाही. घरीसुद्धा तेच. साखर, मीठ, चहा, साबणाचा चुरा, सगळ्या डब्यांवर ठळक अक्षरांतल्या पट्ट्या. "एक दिवस माझ्या कपाळावर 'सासू' म्हणून चिकटवशील," असं सासूबाई म्हणायच्या. त्यांना तो हक्कच होता, कारण सुनेला या कामाला लावलं होतं त्यांनीच. त्या स्वतः वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या टेबलावर तारांच्या टोकांना तांब्याच्या टोप्या चेपत बसायच्या आणि तिथून सगळ्यांवर डोळा ठेवायच्या.

आज मात्र लेबलवालीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. बाटल्या भरणारं एक नवं मशीन वर्कशॉपच्या मधोमध उभं होतं आणि त्याच्या पीएलसीचा प्रोग्राम पहिल्यांदाच तिने लिहिला होता.

पीएलसी म्हणजे मशीनचा मेंदू, आणि हा मेंदू सुट्या भागांचा. एका पट्टीवर शेजारी शेजारी कार्डं खट् करून बसवायची. एक वीज देणारं, एक विचार करणारं, मग बाहेरची खबर आत आणणारी, मग आतला हुकूम बाहेर पोचवणारी. काम वाढलं? आणखी एक कार्ड बसवा. या 'खट्'चंच तिला वेड लागलं. आजवर प्रोग्राम लिहायला बाहेरून एक माणूस यायचा. तो लॅपटॉप घेऊन बसला, की ही मीटर हातात धरून शेजारी उभी, आणि प्रश्नांवर प्रश्न. एकदा तो वैतागून म्हणाला, "मग तुम्हीच लिहा ना." तो बोलून मोकळा झाला, हिने मनावर घेतलं. मालकांकडून भंगारातली कार्डं मागून आणली आणि घरी जेवणाच्या टेबलावर मांडली. सासूबाई कित्येक दिवस ताट मांडीवर घेऊन जेवल्या. कुरकुरल्या भरपूर, पण कार्डं उचल असं काही म्हणाल्या नाहीत.

"ताई, आज मशीन घेणाऱ्या पाहुण्यांसमोर ते चाललं, तर त्यांच्या कारखान्यात बसवायला तुम्हीच जायचं," मालकांनी सांगून ठेवलं होतं. "नाही चाललं, तर मला त्या बाहेरच्या माणसाला बोलवावं लागेल." वायरिंगच्या टेबलावरून उठून मशीनबरोबर आजवर कोणी गेलं नव्हतं. चार-आठ दिवस परगावी राहायचं, म्हणून तिने घरी विषय काढला, तेव्हा सासूबाई नुसतं "बघू" म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'चा अर्थ देवालाही लागला नसता.

आता खरी गंमत इथे आहे. ठरलेल्या जागी ठरलेलं कार्ड नसलं, की हा मेंदू लाल दिवा लावून हटून बसतो. तापमान मोजणारं कार्ड यायला उशीर झाला होता, त्यामुळे तो दिवा सारखा पेटायचा. म्हणून लेबलवालीने ती तपासणी तेवढ्यापुरती बंद करून ठेवली होती. कार्ड आलं आज सकाळी, आणि त्याच्या पाठोपाठ पाहुणे साहेबही, ठरल्यापेक्षा लवकर. प्रोग्राममध्ये या कार्डाची जागा सगळ्यात शेवटी होती. पण घाईत तिचा नीटनेटकेपणा आडवा आला. तापमान म्हणजे बाहेरची खबर, मग ते खबर आणणाऱ्या कार्डांशेजारीच शोभेल. तिने हुकमाची कार्डं एकेक जागा पुढे सरकवली आणि नवं कार्ड मधे बसवलं. खट्. दिसायला अगदी देखणं. तपासणी पुन्हा चालू करायची मात्र राहून गेली.

"करा सुरू," मालक म्हणाले.

तिने हिरवं बटण दाबलं. बाटल्या पुढे नेणारा पट्टा हलला नाही. पट्टा अडला की भोंगा वाजायला हवा होता, पण भोंगाही गप्प. त्याऐवजी बाटली भरणारी तोटी उघडली आणि चाचणीचं पाणी धो धो करत थेट पाहुण्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडलं. तिने लाल बटणावर हात मारला. पाणी थांबलं. मालकांचा चेहरा पडला आणि त्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

सगळं हातचं गेलं, असंच लेबलवालीला वाटलं. पण डोकं काही थांबायला तयार नव्हतं. भोंग्याचा हुकूम तोटीला कसा पोचला? तिची नजर पट्टीवरून सरकत नव्या कार्डावर आली, आणि तिला चक्क हसू फुटलं. बाकावर मधेच कोणी घुसलं की पुढचे सगळे सरकतात, तसं झालं होतं. प्रोग्राम हुकूम देत होता जागेला, आणि त्या जागेवर बसलं होतं भलतंच कोणी.

"मालक, फोन राहू द्या. चूक माझी आहे आणि ती सापडली आहे."

तिने वीज बंद केली, नवं कार्ड काढून शेवटी बसवलं, बाकीची मूळ जागी आणली. पुन्हा हिरवं बटण. पट्टा चालला. बाटली आली, थांबली, भरली, बूच बसलं, पुढे गेली. तिच्यामागे दुसरी. लेबलवालीला वाटलं, त्या बाटल्यांबरोबर आपणही धावत सुटावं.

पाहुणे साहेब ओले बूट झटकत जवळ आले. "आमच्या माणसाने उद्या असंच कार्ड मधे घुसवलं, तर? पुन्हा माझेच बूट?"

"नाही घुसवता येणार," ती म्हणाली. तिने लॅपटॉपवर ती तपासणी चालू केली आणि वीज काढून पट्टी त्यांच्यापुढे मोकळी केली. "तुम्हीच चुकवून बघा."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. दोन कार्डांची अदलाबदल केली, तिने वीज सोडली. लाल दिवा, मशीन ढिम्म. मग तीन कार्डांची केली. पुन्हा लाल दिवा. त्यांना त्यात इतकी मजा यायला लागली, की मालकांना चहाची आठवण करून द्यावी लागली.

"बसवायला याच येणार ना?" कार्डं जागेवर ठेवत साहेबांनी विचारलं.

मालकांनी लेबलवालीकडे पाहिलं. लेबलवालीने कोपऱ्यातल्या टेबलाकडे.

सासूबाईंनी मान वर केली नाही. हातातल्या तारेची टोपी नीट चेपली, ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "जा तू. घराचं मी बघते. डब्यांवर लेबलं आहेतच."