पित्त नव्हे

सोलच्या एका दवाखान्यात संशोधनासाठी मी रुग्णांना ठरलेले प्रश्न विचारते. "मन उदास असतं का?" असं विचारताच आज समोरच्या कोरियन काकूंनी मुठीने छाती बडवली. "उदास कशाला? राग आहे मला! इथे अडकलाय!"

वर्षानुवर्षं गिळलेल्या रागाच्या दुखण्याला त्यांच्या भाषेत चक्क नाव आहे, ह्वाब्योंग. आमच्याकडे त्याला पित्त म्हणतात आणि कोकम सरबत पाजतात. बाईला राग येतो हे कबूल करायला नको ना!

संध्याकाळी आईचा फोन आला. "घशाशी जळजळतंय गं, पित्त झालंय."

"सरबत राहू दे, आई. आधी सांग, राग कोणाचा आलाय?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "वेळ आहे ना तुला? बस मग."