कडुबाच्या गाण्यांतली बाई

पडेगावच्या कडुबाला सगळं जागरण तोंडपाठ आहे, अशी आसपासच्या गावांत त्याची ख्याती होती. कुणाचं लग्न झालं की खंडोबाच्या जागरणाला कडुबाच हवा. दिमडीवर थाप पडली की देवाची सगळी कथा न अडखळता बाहेर यायची. ही ख्याती जपली होती त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं. कारण कडुबाच्या तर स्वतःची चप्पल कुठं काढली तेही लक्षात राहत नसे. गोजरबाई बायकांत सर्वांत पुढं बसायची आणि ओळ अडली की पदर तोंडाशी धरून हळूच पुढचे शब्द पुरवायची. घरी जाताना कडुबा ऐटीत म्हणायचा, "आज एक अक्षर चुकलो नाय!" ती म्हणायची, "व्हय तर."

गेल्या वर्षी कडुबा गेला. वर्षश्राद्धाला त्याच्या गाण्यांचा अल्बम काढायचा, असं गोजरबाईनं मनावर घेतलं. एवढा पाठांतराचा माणूस होता, हे लोकांच्या ध्यानात राहावं, एवढीच तिची इच्छा. मग काय, बाईनं सगळ्यांचा पिच्छाच पुरवला. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गंगापूरकडून लग्नाच्या शूटिंगच्या जुन्या कॅसेटी आणल्या, हर्सूलच्या एका घरातून मोबाइलवरचं जागरण आणलं, आणि सगळं पुतण्यापुढं, सुदर्शनपुढं ओतलं. सुदर्शन लग्नांत डीजे लावायचा. कॉम्प्युटरवर गाणी साफसूफ करणं त्याला जमायचं.

पहिलं गाणं लागलं आणि गोजरबाईचे डोळे भरून आले. गाता गाता कडुबा थांबला. तेवढ्यात एक बाई घोगऱ्या आवाजात ओळ खेकसली, आणि कडुबानं तीच ओळ गोड करून गायली. दुसऱ्या गावचं गाणं लावलं, तिथंही तीच बाई. तिसऱ्यातही तीच. गोजरबाईचे डोळे एकदम कोरडे झाले.

"ही भवानी कोण रं? गावोगाव ह्यांच्या मागं फिरत व्हती?"

सुदर्शननं कसंबसं हसू दाबलं. "काकू, तूच हायस की ती."

"मी? मी तर लई हळू सांगायची!"

"तुझं हळू रस्त्याच्या पल्याड ऐकू जायचं. सगळ्यायला ठावं व्हतं. लोक सांगूनच ठेवायचे, काकूला बी आणा, नायतर काका मधीच अडकतो."

मेंढरांना हाका घालून कमावलेला गळा, त्याची कुजबुज तरी कितीशी बारीक असणार! गोजरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर जे झाकलं ते आता अल्बमात वाजणार आणि लोक नवऱ्याला हसणार.

"पुसून टाक तिला," ती म्हणाली. स्वतःवर एवढी चिडलेली ती कधी नव्हती.

सुदर्शननं बाईला पुसलं आणि गाणं पुन्हा लावलं. कडुबा रंगात आला, त्या ओळीपाशी पोचला आणि थांबला. दिमडी नुसतीच वाजत राहिली. गोजरबाईचा जीव वर आला. पदर आपोआप तोंडाशी गेला.

"बाणू निघाली रानाला, काठी घिऊन!" ती ओरडली.

"बाणू निघाली रानाला..." कडुबानं लगेच उचललं.

गोजरबाई रडली, चांगली हुंदके देऊन रडली. मग तिनं नाक पुसलं.

"ठिव त्या बाईला," ती म्हणाली. "मी नसताना कुणी गाणं लावलं, तर ह्यांना कोण सांगल?"