दोन गेटं आणि हिरव्या पिशव्या

कचऱ्याचं एक बरं असतं, पंचायतीची गाडी येते आणि घेऊन जाते. कचऱ्यावरून घडलेले किस्से मात्र कोणी उचलत नाही. आमच्या घरी ते इतके साठलेत की एक सांगायला घेतला की मागचे चार अंगावर येतात. त्यातला ओला कुठला आणि सुका कुठला, हे मला अजूनही कळलेलं नाही.

मी मूळची गडहिंग्लजकडची. लग्न होऊन घाटाखाली, कोकणी मुलखातल्या पार्से गावात आले. नवरा तुयेला कारखान्यात कामाला. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आई. शेजारचं घर आईंच्या थोरल्या जाऊबाईंचं. त्यांना मी मोठी आई म्हणते. मध्ये कुंपण, दोन्ही गेटं शेजारीशेजारी, आणि दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत. का, तर एका चवथीला आईंनी नेवऱ्यांचा डबा तिकडे पाठवला आणि तो रिकामा परत आला. चवथ म्हणजे गणेश चतुर्थी आणि नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्या, एवढं मला समजलं. पण भांडण कुठे झालं ते समजेना. मी नवऱ्याला विचारलं, मग पुढे काय झालं? तो म्हणाला, "पुढे काय व्हायचं? डबा रिकामा आला ना!"

*

पंचायतीने सांगितलं, प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन, वाळवून, गाडीत द्या. आईंना धुऊन पटलं, वाळवून पटलं. द्या काही पटेना.

आमच्या अंगणातल्या दोरीवर कपड्यांपेक्षा दुधाच्या पिशव्या जास्त. वाळल्या की घडी घालून स्वयंपाकघराच्या दारामागच्या एका मोठ्या पिशवीत. माझा भाऊ माहेराहून आला, त्याने ती दोरी बघितली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, घरचं सगळं बरं चाललंय ना?

शेवटी एकदा मी ती पिशव्यांची पिशवीच गाडीत दिली. आई अनवाणी धावत आल्या, गाडीवर हात घालून आपली पिशवी ओढून काढली. वर शेजारच्या कोणाच्या तरी दोन जाड, चांगल्या पिशव्याही उचलल्या. गाडीवाली बाई माझ्याकडे बघत राहिली. आमच्या दारात गाडी आली तेव्हा जड होती, निघाली तेव्हा हलकी.

*

इथे कचऱ्याची पिशवी गेटला टांगतात, कुत्री फाडतात म्हणून. आणि पावाची पिशवीही गेटलाच टांगतात. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो आणि ठरलेले पाव पिशवीत टाकून पुढे जातो. हे मला कोणी आधी सांगायला नको?

मी सकाळी उठून सुका कचरा टांगला. पोदेर आला, चिप्सच्या पाकिटांवर पाव ठेवून गेला. आईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. पावाची पिशवी आधी टांगली आणि कचऱ्याची नंतर टांगायची ठरवली. त्या दिवशी नेमकी गाडी लवकर आली.

पुढच्या वेळी गाडीवाली बाई मला म्हणाली, "वहिनी, तुमचा सुका कचरा गरम होता."

*

मग नवऱ्याने मनावर घेतलं. मासळी आता प्लास्टिकमध्ये आणायची नाही, स्टीलचा डबा न्यायचा. संध्याकाळी बाजारातून बांगडे आणले, डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवला. त्याच्या जेवणाचा डबाही हुबेहूब तसाच. दोन्ही एकाच दुकानातून मीच घेतलेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात लंच टाइमला याने डबा उघडला. आत अख्खे कच्चे बांगडे, डोळे उघडे टाकून बघताहेत. टेबलावर सगळे कोल्हापूर-बेळगावकडचे. शेवटी एकाने आपली भाकरी याच्यापुढे सरकवली आणि हळूच विचारलं, "भाऊ, हिकडं असंच खात्यात व्हय?"

*

वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, बायकांच्या गटाने जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायचं ठरवलं. मशीन माझ्याकडे, त्यामुळे शिवायचं कोणी हे ठरवावं लागलं नाही. आईंनी ट्रंकेतून एक पोपटी साडी काढून दिली. चांगली होती. मी विचारलं, ही का देताय? त्या म्हणाल्या, एकटीने किती दिवस सांभाळायची. मला काही उलगडलं नाही. मी शिवत सुटले आणि पिशव्या वाड्यावर वाटल्या.

प्लास्टिक खरंच कमी झालं हो. पण एक भानगड झाली. एका शेजारणीने पोपटी पिशवीतून शेवग्याच्या शेंगा पाठवल्या. मी पिशवी धुतली, इस्त्री केली आणि परत दिली. आईंना कळलं तेव्हा त्या खालीच बसल्या.

"रिकामी? अगो, रिकामी परत करणं म्हणजे संबंध तोडणं! मी काय सांगू आता तिला?"

त्यांनी मला नारळ घेऊन पळवलं. नारळाच्या बदल्यात आमटीत घालायची आंबट बिंबलं आली, बिंबलांच्या बदल्यात मी केळी दिली, केळ्यांवर पपई आली. वाड्यावरची एकही पिशवी रिकामी हिंडेना. एवढं कोण खाणार? पंचायतीची माणसं खतखड्डे बघायला आली, तर आमचा काठोकाठ भरलेला. त्यांनी विचारलं, घरात तीन माणसं, एवढं काय टाकता? मी म्हटलं, शेजारधर्म.

*

अशीच हिंडत हिंडत एक पोपटी पिशवी मोठ्या आईंकडे पोचली आणि एका सकाळी त्यांच्या गेटला दिसली. आमच्या गेटला तसलीच. आई ती बघत बराच वेळ उभ्या होत्या.

नवऱ्याकडून नंतर कळलं, तसली साडी दोघींकडे होती. त्याच्या आजीने एका चवथीला दोन्ही सुनांना सारखी घेतली होती.

पोदेर बिचारा गोंधळला. आईंना साखरेचा त्रास, त्यांना पोई लागते, कोंड्याच्या पिठाचा पाव. ती मोठ्या आईंच्या पिशवीत, आणि त्यांचे पाव आमच्याकडे. दोघी बोलत नाहीत, मग अदलाबदल कोणी करायची? मी! रोज सकाळी कुंपणाला वळसा घालून पाव द्यायचे, पोई घ्यायची. मी म्हटलं, आई, आपण दुसऱ्या रंगाची पिशवी टांगू. आई म्हणाल्या, नको, असू दे. मोठ्या आईंना म्हटलं, तुम्ही तरी बदला. त्याही म्हणाल्या, राहू दे गो, तुझे पाय मोकळे होतात.

मग एक दिवस मोठ्या आईंनी पोई हातात देताना विचारलं, तिची साखर फार वाढलीय काय? घरी आले तर आई दारातच. काय म्हणाली? मी सांगितलं. तिला काय करायचंय, म्हणून आई आत गेल्या, आणि परत बाहेर येऊन म्हणाल्या, तिला सांग, आता कमी आहे. मी दोघींच्या मध्ये पुरती येडी झाले. एवढी चौकशी आहे तर कुंपणाशी येऊन बोला ना!

*

आणि मग मोठ्या आईंचा मुलगा आला. त्याची नोकरी बेळगावला. आपल्या आईला तिकडेच नेणार, घराला कुलूप लावणार. मला फार वाईट वाटलं. आता बोलल्या नाहीत तर या दोघी कधी बोलणार?

दुपारी बघते तर आमच्या आई चूल पेटवून नेवऱ्या तळताहेत. चवथ होऊन किती महिने झालेले. विचारलं तर म्हणाल्या, पीठ पडून होतं, फुकट जायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी गाडी लागली. मोठ्या आई पुढच्या सीटवर बसल्या. मुलाने गाडी चालू केली. तेवढ्यात आईंनी आमच्या गेटवरची पोपटी पिशवी काढली, आत जाऊन भरून आणली आणि मी रोज सकाळी मारायचे तो वळसा घालून त्या गाडीपाशी गेल्या. पिशवी खिडकीतून आत दिली. मुलाने इंजिन बंद केलं.

"वयनी," आई म्हणाल्या, "पिशवी माझी आहे. परत घेवन ये."

मोठ्या आईंनी पिशवीचं तोंड उघडलं. नेवऱ्या बघितल्या. पिशवी मांडीवर घेतली आणि वर बघितलं.

"रिकामी?"