इंजिन बसेपर्यंत

नव्या वस्तूला आमच्या भावोजींइतकं जपणारा माणूस उभ्या दिल्लीत सापडला नसता, आणि त्या जपण्यानं त्यांनी जेवढं नुकसान केलं तेवढं दुसऱ्या कोणाच्या धसमुसळेपणानंही झालं नसेल. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. जन्म सरकारी नोकरीत गेला, संसार आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये झाला, आणि निवृत्तीच्या सुमारास मयूर विहारला आमच्याच सोसायटीत फ्लॅट घेऊन राहायला आले. नवा सोफा आला तर त्याचं प्लास्टिक काढायचं नाही. उन्हाळ्यात पाहुणे त्याला चिकटायचे आणि उठताना काहीतरी फाटल्यासारखा आवाज व्हायचा. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. दुकानं तेव्हा नव्या नव्या वस्तूंनी भरायला लागली होती, त्यामुळे भावोजींची काळजीही वाढत चालली होती.

अशात एका थंडीत त्यांच्या घरी दोन नव्या गोष्टी आल्या, मोटरसायकल आणि सून. मोटरसायकल ते चाळीसच्या वर नेत नसत. निजामुद्दीनच्या पुलावर सायकलवाले त्यांच्या पुढे निघून जायचे आणि ट्रकवाले खिडकीतून विचारायचे, "अंकल, धक्का दूँ क्या?" मागे कोणाला बसवायचं नाही, नव्या इंजिनावर लोड नको. सिंथेटिक तेल नुकतंच दुकानात दिसायला लागलं होतं. त्याचा डबा त्यांनी पहिल्याच आठवड्यात आणून देवघराखालच्या कप्प्यात ठेवला, पण ते इंजिनात घालायचं कधी, हे काही ठरेना. मेकॅनिक म्हणाला पहिल्या सर्व्हिसिंगनंतर. खालच्या मजल्यावरचे सरदारजी म्हणाले, पाच हजार किलोमीटर होऊ द्या. पेट्रोल पंपावरचा म्हणाला, आजच घाला. डॉक्टर रक्तदाब मोजत होते, तर भावोजींनी त्यांनाही विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बोलू नका, आकडा वाढतो."

मला त्यांनी एकदा नीट समजावलं होतं. "वहिनी, नव्या इंजिनातले भाग एकमेकांना अनोळखी असतात. साध्या तेलात आधी थोडे घासले पाहिजेत. पहिल्याच दिवशी फार गुळगुळीत तेल घातलं तर घासणारच नाहीत. मग इंजिन बसत नाही."

मी चौथी शिकलेली. आमच्या गावात विहिरीवरचं इंजिन बसलं म्हणजे कामातून गेलं. "बसलं तर वाईट ना?" मी विचारलं.

"ते बसणं वेगळं," भावोजी म्हणाले.

सुनेलाही त्यांनी हाच नियम लावला. पोरगी फौजीची, दिल्लीच्या छावणीत वाढलेली. मराठी बोलायची, पण मध्येच एखादा शब्द अडायचा. माझी जाऊ त्या शब्दाची वाटच बघत असायची. एकदा पाहुण्यांसमोर तिनं सुनेला सांगितलं, डब्यातलं तेल बाटलीत ओतायचंय, नरसाळं आण. पोरीनं गाळणं आणलं. जाऊ पाहुण्यांना म्हणाली, "बघा. फौजीच्या घरी नरसाळं नसतं वाटतं. हिंदीत कीप म्हणू का, मॅडम?" सगळे हसले. मग तो रोजचाच खेळ झाला. मुलगा ऑफिसच्या कामानं बाहेरगावी, आणि घरी असला तरी बापावर गेलेला. मी भावोजींना म्हटलं, तुम्ही तरी बोला. त्यांनी पेपर जरा खाली केला. "थोडं घासणारच, वहिनी. बसेल."

एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. "सून बॅग घेऊन माहेरी गेली. परत येणार नाही म्हणाली."

"बसलं तुमचं इंजिन," मी म्हटलं.

"कोणतं बसणं?"

"आमच्या विहिरीवरचं. तेल कधी घालायचं म्हणून डॉक्टरांपर्यंत विचारत फिरलात. घरात एक थेंब टाकायला तुम्हाला कोणी अडवलं होतं?"

ते जिना उतरले. एरवी गाडी चालू करून आधी तिचा आवाज ऐकत उभे राहायचे. त्या दिवशी गाडी फाटकातून बाहेर पडली ती आवाज चढवतच. तिकडे काय झालं ते पोरीनंच मला पुढे सांगितलं. भावोजी डोक्यावरचं हेल्मेटही न काढता दारात उभे राहिले आणि तिच्या वडिलांसमोर म्हणाले, "बेटा, माझं चुकलं. मी गप्प बसलो." एवढंच. चल म्हणाले नाहीत. चहा उभ्यानंच प्यायले. पोरगी तेवढा वेळ भिंतीकडे बघत होती, मग आत जाऊन बॅग घेऊन आली.

दुपारी दोघं सोसायटीत शिरले. ती मागच्या सीटवर, बॅग मांडीवर. त्या गाडीवर मागे बसलेलं ते पहिलं माणूस. भावोजी वर गेलेच नाहीत. तिला देवघराखालचा तेलाचा डबा आणायला पाठवलं आणि स्वतः खाली बसून जुनं गरम तेल काढायला लागले. सरदारजींनी विचारलं, "कितने किलोमीटर हो गए?"

"देखा नहीं," भावोजी म्हणाले. मग गॅलरीत उभ्या असलेल्या बायकोकडे मान वर करून, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं ओरडले, "सुनेला सांग, येताना कीप पण आण."

घरात हिंदी शब्द आला की जेवता जेवता थांबणारा हा माणूस. जाऊ आत गेली. तिनंच ते काढून पोरीच्या हातात दिलं म्हणे. पोरगी खाली आली, त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "नरसाळं म्हणतात, बाबा."

म्हणून सगळं गोड झालं असं नाही. जाऊ जाऊच राहिली. वर्षभरात पोरं गुडगावला वेगळी राहायला गेली आणि ते बरंच झालं. इंजिनही नीट बसलं नाही. पुढे ते तेल प्यायला लागलं, धूर सोडायला लागलं. मेकॅनिक म्हणाला, सुरुवातीलाच कोणीतरी बेफाम पळवलेली दिसते. भावोजींनी मान हलवली, कोणी ते सांगितलं नाही. मुलगा विकून टाका म्हणायचा. ते दर रविवारी त्याच गाडीला तेल पाजत, धुराचा लोट सोडत सुनेकडे जायचे.

आता भावोजी नाहीत, गाडीही नाही. नरसाळं सुनेच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं आहे. त्याचा इंजिनाच्या तेलाचा वास काही जात नाही, स्वयंपाकाला ते चालणार नाही. फेकून दे, मी तिला सांगितलं.

"राहू दे ना, काकू," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं नाही.