खिडकीतल्या बाटल्या

शेलूबाजारात आमच्या शेजारी एक मावशी राहतात. आसपास कुणाचं मूल दगावलं की त्याच्या औषधाची उरलेली बाटली त्या मागून आणतात आणि आपल्या खिडकीत मांडून ठेवतात. रोज दिवेलागणीला त्या एकेक बाटली हलवतात. मी नर्सिंग शिकते, म्हणून एकदा त्यांना सांगितलं की पाणी घातलेलं अँटिबायोटिक आठवडाभरात निकामी होतं.

"हालवलं नाई त औषध बुडाशी बसते, पोरी," त्या म्हणाल्या.

काल डॉक्टरांनी माझ्या लेकीला न्यूमोनिया सांगितला. नव्या बाटलीतल्या पावडरीत मी उकळून गार केलेलं पाणी घालत होते, तेव्हा मावशी दारात आल्या. त्यांनी लेकीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या बाटलीकडे.

"घाई नाई," त्या हळूच म्हणाल्या. "म्या खिडकीत जागा करून ठेवली हाय."