खिडकीबाहेरची शिकवणी

कारंजा गावात आमचे चौथीचे गुरुजी वर्गात गणित अर्ध्यावर सोडत आणि म्हणत, "बाकीचं घरी या." घरी म्हणजे त्यांच्या शिकवणीला. सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी तिथंच व्हायची. आम्हा बौद्धपुऱ्यातल्या पोरांना आत जागा नव्हती. चौथीतली माझी धाकटी बहीण खिडकीबाहेर उभी राहून गणितं पाटीवर उतरवायची. आतल्यांचं चुकलं की बाहेरून बरोबर उत्तर द्यायची. गुरुजी तिला हाकलत नसत. उलट हसून म्हणत, "ऐक, ऐकाले कोण ना म्हणते तुले?" आम्हाला तो त्यांचा मोठेपणा वाटला. बाप सांगत फिरायचा, "पोरगी नंबर काढते, पाहजा!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं वर्गात विचारलं, "गुरुजी, मी कुठी बसू?"

"तू फॉर्म कुठी भरला वो बाई?"

फॉर्म त्यांनी शिकवणीत वाटले होते, आतल्या आत. फॉर्म लागतो हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही अभ्यासच करत बसलो होतो.

आज मी असल्या शिकवण्यांविरुद्ध पत्रकं वाटतो, तर लोक मलाच सुनावतात, "गुरुजींनं तुह्या बहिणीले फुकट शिकवलं, इसरला काय?" नाही विसरलो. शिसारी येते ती त्या फुकटाचीच.