बचावफळीतल्या बाई

काहीही करायच्या आधी ती एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघायची. मग फळ्यावर तारीख लिहायची असो की स्टाफरूममध्ये डबा उघडायचा असो. तुम्ही तिला रस्त्यात पाहिलं असतं तर वाटलं असतं, हिचं काहीतरी हरवलंय. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "कुणाला शोधतेस का गं?"

"नाय मॅडम, सवय हाये. आधी मागं बघावं. पुढचं दिसतंच."

जालना रोडवरच्या आमच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका म्हणून आली, तेव्हा तिशी ओलांडलेली होती. मी मराठी शिकवते. वयाने बरीच मोठी, म्हणून लगेच अगं-तुगंवर आले. ती करमाडची, शेतकऱ्याची मुलगी. आधी गोव्यात आणि मग मालदीव, भूतान, नेपाळ अशा तीन देशांत ती बायकांच्या व्यावसायिक फुटबॉल संघांतून खेळली होती. बचावपटू म्हणून. अर्जात हे सगळं एका ओळीत होतं, आणि मुलाखतीत कुणी त्याबद्दल विचारलंही नव्हतं.

मधल्या सुट्टीत मात्र ती सांगायची. मालदीवच्या मैदानाला लागूनच समुद्र. धोका दिसला की ही चेंडू जोरात बाहेर मारणार, तो पाण्यात जाणार. तो आणायला एक होडीवाला ठेवलेला होता. "तिसऱ्या मॅचला तर मी पळाया लागले की त्यो होडी सोडायचा," म्हणायची.

"तिकडे भाषेचं काय करायचीस?" मी विचारलं.

"चार शब्द पुरतात मॅडम. थांब, सोड, डावीकडं, आणि माझा."

"माझा म्हणजे?"

"चेंडू माझा हाये. तुम्ही बिनघोर ऱ्हा, मी बघते."

हे चार शब्द तिला तिन्ही देशांच्या भाषांत यायचे. आमच्या मैदानावर ती मुलींना कधीकधी भूतानी भाषेत 'सोड' म्हणून ओरडायची. मुली बरोबर सोडायच्या.

तिच्या वडिलांनी फुटबॉल कधी धड बघितला नव्हता. नेपाळमधल्या एका सामन्यात चेंडू अडवायला ती मध्ये आली आणि तिच्याच पायाला लागून तो आपल्याच जाळ्यात गेला. संघ त्या एका गोलने हरला. तिने घरी काहीच कळवलं नाही. पण गावातल्या कुणीतरी वडिलांना मोबाईलवर तेवढा तुकडा दाखवला. लेकीच्या पायाला लागून चेंडू जाळ्यात गेला, एवढंच त्यांनी पाहिलं आणि गल्लीभर पेढे वाटले. फोनवर म्हणाले, "झाला ना बाई एकदाचा गोल." तिला खरं सांगवेना.

दोन वर्षांनी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. हंगाम अर्धा टाकून ती परत आली आणि तिने ही नोकरी धरली. सकाळी त्यांना आंघोळ घालून, भरवून शाळेत यायची. संध्याकाळी त्यांच्या पायांना व्यायाम द्यायची. एके दिवशी पाय चोळता चोळता म्हणाली, "आबा, त्यो गोल आपल्यावरच झाल्ता."

आबांची जीभ जड झाली होती. सावकाश म्हणाले, "म्हाईत हाये. पेढे वाटून झाल्यावर कळलं."

"मंग बोलला कामून नाय?"

"तू तरी कुठं बोललीस."

मला हे सांगताना ती हसली, आणि मग बराच वेळ डब्याचं झाकण लावत राहिली.

आबा गेले. पाचसहा महिन्यांनी जॉर्डनमधल्या एका संघाचं बोलावणं आलं. तिच्या जुन्या प्रशिक्षिका आता तिथे होत्या. एका हंगामापुरती, चार सामने जास्त पाहिलेली बचावपटू त्यांना हवी होती. हिचं वय चौतीस, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. शाळेला एवढी लांब रजा देता येत नव्हती.

"परत येशील तेव्हा ही जागा असणार नाही," मी म्हटलं.

"व्हय."

"आणि आई?"

"आईलाच आधी इचारलं. ती म्हनली, जा. इथं बसून कुणाला आडवणार हायेस?"

राजीनामा तिने माझ्याकडून लिहून घेतला. मी 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं, तर तिने ते खोडायला लावलं. "खेळायला जाते म्हणून लिहा. तेच हाये." कागद देऊन आली आणि उरलेले सगळे तास तिने घेतले. शेवटच्या तासाला मुलींनी तिला वर्गातून निघूच दिलं नाही.

गेल्या महिन्यात तिचा तिथला पहिला सामना मोबाईलवर दिसणार होता. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही पाचसहाजणी स्टाफरूममध्ये थांबलो. पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाईल उभा केला. सुरुवातीला रांगेत ती दिसली, केस घट्ट बांधलेली, जरा वाळलेली. मग खेळ सुरू झाला. तिचा संघ चांगलाच भारी होता. चेंडू सारखा पलीकडच्या टोकाला, आणि कॅमेराही तिकडेच. अर्धा तास झाला, तिच्या संघाचे दोन गोल झाले, पण ती काही पुन्हा दिसेना.

शेवटी विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "अहो, त्या समोरच्या पोरींना येऊ द्या की जरा पुढं."

कुणी हसलं नाही. परक्या संघाने एकदा तरी चाल करावी म्हणून आम्ही सगळ्याजणी वाट बघत बसलो.